टावीनंतर छाती उघडावी लागते तेव्हा

"पायातून झडप घातली, छातीला हात लावला नाही, चौथ्या दिवशी घरी." रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या घरांत टावीबद्दल, म्हणजे छाती न उघडता रक्तवाहिनीतून नळीने हृदयाची झडप बसवण्याबद्दल, बहुधा एवढंच पोचलेलं असतं, आणि बहुतेक रुग्णांच्या बाबतीत ते खरंही ठरतं. पाखाडीच्या चार पायऱ्या चढल्या की धापा टाकत खाली बसणारे ऐंशीचे आजोबा महिन्याभरात देवळापर्यंत चालत जाऊ लागतात. पण बिनटाक्याचं ऑपरेशन म्हणजे बिनसर्जनचं ऑपरेशन नव्हे. युरोपातल्या ७९ केंद्रांनी २०१३ ते २०१६ या काळात जांघेतून केलेल्या २७ हजारांहून जास्त टावींचा हिशेब मांडला, तेव्हा त्यातल्या २१२ रुग्णांवर तातडीने हृदयाची उघडी शस्त्रक्रिया करावी लागल्याचं दिसलं. म्हणजे हजारात सात-आठ. आकडा लहान आहे, पण त्या २१२ पैकी जवळजवळ निम्मे रुग्ण रुग्णालयातून घरी परतले नाहीत.

म्हणून या हजारातल्या सात-आठांबद्दल आधी बोलून ठेवायला हवं. टेबलावर रक्तदाब कोसळल्यावर नातेवाइकांना विचारायला कुणाला वेळ नसतो.

सगळी मेख एका गोष्टीत आहे

हृदयाच्या डाव्या जवनिकेतून (खालच्या कप्प्यातून) महाधमनीत रक्त जातं त्या तोंडाशी तीन पाकळ्यांची झडप असते. निरोगी माणसात ती उघडली की ३ ते ४ चौरस सेंटिमीटर वाट मिळते. वयोमानाने तिच्यावर कॅल्शियम धरतं, खाडीतल्या खडकावर कालवं धरावीत तसं: आधी एखाद-दुसरं, मग थरावर थर, कडक आणि धारदार. वाट १ चौरस सेंटिमीटरच्या खाली आली की आजार तीव्र समजतात. चालताना दम लागणं, छातीत दुखणं, अचानक चक्कर येऊन पडणं ही त्याची लक्षणं.

अशी झडप कॅथेटरने बसवण्याचा पहिला प्रयोग डॉ. आलँ क्रिबिए यांनी १६ एप्रिल २००२ रोजी फ्रान्समधल्या रुआँ शहरात केला. आज वापरात असलेल्या झडपा मुख्यतः दोन जातींच्या आहेत. एक फुग्यावर आवळून नेतात आणि जागेवर फुगा फुगवून उघडतात. तिची जाळी कोबाल्ट-क्रोमियमसारख्या कडक मिश्रधातूची असते. वापीच्या मेरिल कंपनीची मायव्हॅल याच जातीची. दुसरी नायटिनॉल या मिश्रधातूची. नळीतून बाहेर पडली की शरीराच्या उबेने आपोआप उमलते. जाळीच्या आत शिवलेल्या पाकळ्या गाय-बैलाच्या किंवा डुकराच्या हृदयावरणाच्या असतात. काही घरांत हा प्रश्न नाजूक असतो, तेव्हा तो आधीच मोकळेपणाने विचारावा. डॉक्टरांना त्यात काही वावगं वाटत नाही.

आता मुख्य गोष्ट. उघड्या शस्त्रक्रियेत सर्जन जुनी झडप कापून काढतो, कॅल्शियम साफ करतो आणि नवी झडप टाक्यांनी शिवतो. टावीत जुनी झडप काढत नाहीत. ती भिंतीकडे दाबली जाते आणि नवी तिच्या आत घट्ट बसते. टाका एकही नाही. जुन्या कॅल्शियमवर जाळी रुतते, एवढाच काय तो आधार. ती सैल बसली तर सटकते किंवा कडेने गळते. गरजेपेक्षा मोठी बसवली तर झडपेभोवतीचं कडं फाटतं. दाबलेली जुनी पाकळी उंच असेल तर हृदयालाच रक्त पुरवणाऱ्या करोनरी धमनीच्या तोंडावर झाकणासारखी बसते. पुढे सांगितलेले छातीतले बहुतेक बिघाड या मापाच्या खेळातून निघतात.

त्यामुळे टावीच्या आधीचा सीटी स्कॅन ही केवळ औपचारिकता म्हणून केलेली तपासणी नसते. त्यात कड्याचा घेर आणि क्षेत्रफळ मोजतात, कॅल्शियम कुठे आणि किती आहे ते पाहतात, करोनरीचं तोंड कड्यापासून किती उंचीवर आहे ते पाहतात (१० ते १२ मिलिमीटरच्या आत असेल तर जोखीम वाढते), आणि जांघेपासून वरपर्यंतच्या रक्तवाहिनीचा व्यास तपासतात. आजच्या नळ्यांना साधारण ५ ते ५.५ मिलिमीटर व्यासाची वाट लागते. हे आकडे सीटीच्या अहवालात असतात. रुग्णाच्या मुलाने किंवा सुनेने डॉक्टरांसमोर बसून ते समजून घेतले, तर पुढची निम्मी धास्ती तिथेच कमी होते.

तार टोचली तर

त्या २१२ रुग्णांमध्ये छाती उघडण्याचं सर्वांत मोठं कारण झडप नव्हतं, तार होती. झडप वर नेण्यासाठी डाव्या जवनिकेत एक जाड, ताठ तार ठेवावी लागते. तिचं टोक गोल वळवलेलं असतं, जेणेकरून ते आत वेटोळं होऊन बसावं. पण वर्षानुवर्षं दाबाविरुद्ध काम करून जवनिका जाड झालेली आणि आतली पोकळी लहान उरलेली असते, विशेषतः लहान चणीच्या वृद्ध स्त्रियांमध्ये. झडप ढकलताना तारेवर जोर आला की टोक भिंतीत घुसतं. दुसरी जोखीम उजव्या जवनिकेतल्या पेसिंगच्या तारेची. फुगा फुगवताना हृदय क्षणभर जवळजवळ स्थिर ठेवण्यासाठी ते मिनिटाला १८० ते २०० ठोक्यांनी पळवतात. त्यासाठी ही तार लागते. उजव्या जवनिकेची भिंत पातळ असते, तिला भोक पडायला फारसा जोर लागत नाही.

हृदयाभोवती एक पिशवी असते. ती चिवट असते, चटकन ताणली जात नाही. हळूहळू पाणी साठलं तर ती लिटरभरही सामावून घेते. पण अचानक दीडशे-दोनशे मिलिलिटर रक्त साठलं, म्हणजे चहाचा एक पेला, तरी हृदयाला बाहेरून आवळ बसतो आणि त्याला भरायलाच जागा राहत नाही. मॉनिटरवर रक्तदाब घसरत जातो, मानेच्या शिरा फुगतात, इकोत हृदयाभोवती काळी कड दिसते.

पहिला उपाय सुईचा. छातीच्या हाडाच्या टोकाखालून सुई घालून पिशवीत नळी सोडतात आणि रक्त ओढून घेतात. हे रक्त टाकून देत नाहीत. जांघेतल्या शिरेतून रुग्णाला परत देता येतं, त्यामुळे वेळ मिळतो. सोबत रक्त पातळ करणाऱ्या हेपारिनचा असर प्रोटामिन देऊन उतरवतात, ढोबळ हिशेब हेपारिनच्या १०० युनिटला १ मिलिग्रॅम. इथे एक अवघड निर्णय असतो. प्रोटामिन पूर्ण दिलं आणि नंतर बायपास मशीन (हृदयाचं काम तात्पुरतं करणारं यंत्र) लावायची वेळ आली, तर हेपारिन पुन्हा भरावं लागतं, कारण पातळ न केलेलं रक्त मशीनमध्ये गोठतं. म्हणून नळीतून किती रक्त येतंय यावर नजर ठेवत सर्जन आणि भूलतज्ज्ञ एकमेकांशी बोलून हे ठरवतात. उजव्या बाजूची छिद्रं पुष्कळदा एवढ्यावर थांबतात. डाव्या बाजूला दाब जास्त. तिथली गळती आपोआप थांबेल यावर विसंबता येत नाही.

थांबली नाही, तर छातीचं हाड मधोमध चिरून हृदय उघडं करतात. भोक दिसलं की बोटाने दाबून धरायचं, हा पहिला इलाज. मग टाका. वृद्ध हृदयाचा स्नायू पिकलेल्या फणसाच्या गऱ्यासारखा मऊ झालेला असतो. नुसता धागा ओढला तर तो स्नायू कापत जातो. म्हणून टाक्याच्या दोन्ही बाजूंना टेफ्लॉनच्या फेल्टची किंवा हृदयावरणाची छोटी पट्टी ठेवतात आणि धागा त्या पट्टीवर आवळतात. गाठ किती आवळायची, हे शेवटी हातालाच कळतं. अशी छिद्रं अनेकदा हृदय न थांबवता, मशीनशिवायही शिवता येतात. त्यामुळे छाती उघडाव्या लागलेल्यांतही या रुग्णांकडून आशा जास्त ठेवता येते.

कडं फाटलं तर

हा सगळ्यांत भयंकर प्रसंग. फुग्यावरच्या झडपेत तो जास्त घडतो, कारण फुगा फुगतो तेव्हा पूर्ण जोर एकदम भिंतीवर येतो. झडपेच्या खालच्या भागात, विशेषतः डाव्या करोनरी पाकळीच्या खाली, कॅल्शियमचा मोठा खडा असेल आणि झडप कड्यापेक्षा क्षेत्रफळाने २० टक्के किंवा जास्त मोठी निवडली असेल, तर तो खडा भिंतीत घुसून ती फाडतो. म्हणूनच सीटीवर असा खडा दिसला तर जाणते डॉक्टर थोडी लहान झडप किंवा स्वतः उमलणारी झडप पसंत करतात. थोडी गळती पत्करतात, फाटणं नाही. आमच्या मते हा निर्णय डॉक्टरांची पारख दाखवतो.

फाटणं लहान असेल आणि आजूबाजूच्या पेशींनी ते थोपवून धरलं असेल, तर कधी कधी रक्तदाब खाली ठेवून, वारंवार इको आणि सीटी करत वाट पाहतात. रक्त मोकळं पिशवीत येत असेल तर थांबण्यात अर्थ नाही. जांघेतून मशीनच्या नळ्या घालतात, मशीन रक्ताभिसरण आपल्याकडे घेतं, मग छाती उघडून महाधमनीला चिमटा लावतात आणि पोटॅशियम असलेलं थंड द्रावण देऊन हृदय थांबवतात. महाधमनी उघडली की नुकतीच बसवलेली झडप बाहेर काढायची, तो कॅल्शियमचा खडा खरवडून काढायचा, फाटलेल्या जागी हृदयावरणाचं ठिगळ शिवायचं, आणि त्यावर शस्त्रक्रियेची झडप टाक्यांनी बसवायची. भिंत ठिगळ धरण्याच्या पलीकडे गेली असेल तर महाधमनीचं मूळच बदलावं लागतं: कृत्रिम नळी, त्यातच झडप, आणि दोन्ही करोनरींची तोंडं नळीला नव्याने जोडायची. धडधाकट पन्नाशीच्या माणसालाही हे मोठं ऑपरेशन आहे. पंच्याऐंशीच्या, मूत्रपिंडं थकलेल्या माणसाचं शरीर ते कितपत सोसेल, हा प्रश्न आधीच विचारलेला असावा.

करोनरीचं तोंड झाकलं गेलं की ते झडप उघडल्याबरोबर कळतं: ईसीजी बदलतो, रक्तदाब बसतो. बहुतेक वेळा डावी मुख्य करोनरी सापडते. पहिली धाव स्टेंटकडे. जोखीम आधीच दिसलेली असेल तर करोनरीत तार ठेवूनच झडप उघडतात. स्टेंट जाईना, तर पायाची शीर घेऊन तातडीची बायपास.

झडप सटकली तर ती कोणत्या बाजूला गेली यावर सगळं अवलंबून. वर महाधमनीत गेली तर छाती क्वचितच उघडावी लागते: तार मधोमध तशीच ठेवून झडप हळूच पुढे, फांद्यांच्या पलीकडे न्यायची, तिथेच पक्की उघडून ठेवायची, आणि जागेवर दुसरी बसवायची. तार मात्र कुणी घाईत ओढून काढू नये. तिच्याशिवाय झडप प्रवाहात उलटी फिरते आणि मग तिच्या पाकळ्या रक्ताची वाटच बंद करतात. खाली जवनिकेत पडली तर शस्त्रक्रियेशिवाय गत्यंतर नसतं; ती धडपडत राहिली तर शेजारच्या मिट्रल झडपेचे दोरही तोडते.

जांघ: रोजचा त्रास इथला

छातीतले प्रसंग विरळ; जांघेतले नेहमीचे. नळी जाड, धमन्या वयोमानाने वाकड्यातिकड्या आणि आतून कॅल्शियमने खरखरीत. काम संपल्यावर भोक बंद करायला सुरुवातीलाच दोन टाके तयार घालून ठेवलेले असतात. शेवटी ते आवळतात. पुढच्या भिंतीत कॅल्शियम असेल तर टाका धरत नाही, किंवा पुढची आणि मागची भिंत एकत्र शिवली जाते आणि पायाचा रक्तपुरवठाच बंद होतो.

टाका सुटला तर वरून दाब द्यायचा, ते न जमल्यास दुसऱ्या जांघेतून फुगा आणून आतून भोक झाकायचं. तेवढ्याने काम झालं नाही की जांघेत बोटभर लांबीचा छेद. धमनी वर आणि खाली दोन ठिकाणी पट्टीने धरतात, फाटलेल्या कडा सारख्या करतात, आतलं अस्तर सुटलं असेल तर ते टाक्याने भिंतीला टाचतात, अडकलेली गुठळी बारीक फुग्याच्या नळीने ओढून काढतात, आणि ५-० जाडीच्या पॉलिप्रोपिलीन धाग्याने शिवतात. शिवल्यावर वाट अरुंद होईलसं वाटलं तर शिरेचं किंवा हृदयावरणाचं ठिगळ लावतात. वरच्या, पोटातल्या धमनीला चीर गेली असेल तर आच्छादित स्टेंट. तो न बसल्यास पोटाच्या बाजूने जाऊन कृत्रिम नळी.

पोटामागे होणारा रक्तस्राव फसवा असतो. जांघेत सूज नाही, बाहेर रक्त नाही. फक्त कंबर दुखते, घाम सुटतो, नाडी वाढते. टावीनंतरच्या रात्री रुग्ण म्हणाला, "कंबर धरलीय, झोपून झोपून," तर सोबत बसलेल्याने ते तसंच सोडू नये; लगेच सिस्टरना सांगावं. पायाचंही तसंच. पाय पांढरा, गार, बधिर पडला आणि दुखू लागला तर सकाळच्या राउंडची वाट पाहू नये. रक्ताविना स्नायू साधारण सहा तासच तग धरतो.

घरी आल्यावर जांघेत ठोक्यागणिक उडणारी गाठ जाणवली, तर ती चोळू नये, शेकू नये, लेप लावू नये. सोनोग्राफीत दिसली की सुईने औषध सोडून ती बहुतेक वेळा बंद करता येते. वाढत असेल तर छोटं ऑपरेशन.

पेसमेकर लागणं ही खरं तर गुंतागुंतीतली सौम्य बाजू. झडपेच्या अगदी खालून हृदयाची विजेची वाट जाते, ती दाबली जाते आणि ठोके मंदावतात. पण ही वाट कधी कधी काही दिवसांनी बंद पडते. रुग्ण गावी पोचल्यावर डोळ्यांपुढे अंधारी आली किंवा तो पडला, तर उन्हाचं किंवा अशक्तपणाचं कारण लावू नये. त्याच दिवशी ईसीजी काढावा.

आधी काय ठरवावं

कोकणातून टावीला जायचं म्हणजे मुंबई, पुणे, कोल्हापूर किंवा गोवा. चिपळूणकरांना कुंभार्ली घाट, सावंतवाडीकरांना बांबोळी जवळ. अंतर, ओळख, खर्च, सगळं पाहून रुग्णालय ठरतं. त्यात एक प्रश्न वर ठेवावा: झडप बसवताना हृदयशस्त्रक्रियेचा सर्जन आणि बायपास मशीन चालवणारा तंत्रज्ञ त्याच इमारतीत असतील का, की बोलावल्यावर येतील? मेंदूला रक्त नाही मिळालं तर चार-पाच मिनिटांत नुकसान सुरू होतं. वाहतुकीतून येणाऱ्या सर्जनचा त्या मिनिटांत उपयोग नाही.

दुसरा प्रश्न घरातला आहे, आणि तो अवघड आहे. काही बिघडलं तर छाती उघडायची का? सत्तरीच्या, शेतात चालणाऱ्या माणसासाठी उत्तर बहुधा हो असतं. नव्वदीच्या, हाडं ठिसूळ आणि फुप्फुसं अधू झालेल्या माणसासाठी डॉक्टर आणि घरचे मिळून नाही म्हणू शकतात. ती हार नसते. पण हे ठरवताना आजोबांना किंवा आजींना बाजूला बसवू नये. मुलगा ठाण्यात, मुलगी पुण्यात आणि निर्णय फोनवर, असं फार होतं. भरतीच्या आधी एकदा सगळ्यांनी, रुग्णासकट, डॉक्टरांसमोर बसावं आणि ठरलेलं कागदावर लिहून घ्यावं.

तिसरं, वय. २०२० च्या अमेरिकी मार्गदर्शक सूचना पासष्टीच्या आतल्यांना सहसा उघडी शस्त्रक्रिया आणि ऐंशीच्या पुढच्यांना सहसा टावी सुचवतात. मधल्या वयात बसून विचार करायचा. टावीची झडप जन्मभराची नसते. साठीच्या माणसाला चीर नको म्हणून टावी केली, तर पुढे ती काढण्याची वेळ पंचाहत्तरीत येऊ शकते.

बसलेली झडप काढायची तर

२६९ रुग्णांच्या एका आंतरराष्ट्रीय नोंदीत टावीची झडप शस्त्रक्रियेने काढण्याचं सर्वांत मोठं कारण जंतुसंसर्ग होतं, दहापैकी चार-साडेचार रुग्णांत. त्याखालोखाल पाकळ्या खराब होणं, कडेची गळती आणि माप अपुरं पडणं. शस्त्रक्रियेनंतर महिन्याभरात शंभरातले सुमारे तेरा रुग्ण दगावले. पहिल्या खेपेच्या साध्या झडप-शस्त्रक्रियेच्या कितीतरी पट जास्त.

कारण असं की जाळी वर्षभरात भिंतीचाच भाग होते. तिच्यावर पातळ अस्तर चढतं आणि धातू मांसात मुरतो. कालवं काढताना खडकाचा टवकाही सोबत निघतो. इथे तो टवका महाधमनीचा असतो.

सर्जन आधी सीटीत जाळीची उंची पाहतो. फुग्यावरच्या झडपेची जाळी साधारण दोन सेंटिमीटर, तर स्वतः उमलणारी काही तर साडेचार सेंटिमीटर उंच, थेट वरच्या महाधमनीपर्यंत. चिमटा जाळीवर बसला तर धमनी चिरडते, म्हणून तो जाळीच्या वर लावायचा आणि छेदही उंचावर घ्यायचा. हृदय थांबवण्याचं द्रावण नेहमी करोनरीच्या तोंडातून देतात; जाळी आड येत असल्याने ते उलट बाजूने, हृदयाच्या मुख्य शिरेतूनही द्यावं लागतं.

मग सोडवणं. बोथट, चपट्या हत्याराने जाळी आणि भिंत यांच्यामध्ये शिरून मिलिमीटर-मिलिमीटरने वेगळं करत खाली जायचं. जाळी नायटिनॉलची असेल तर तिच्यावर बर्फासारखं गार सलाइन ओततात. गारव्यात हा धातू मऊ पडतो, आत दुमडता येतो. कोबाल्ट-क्रोमियमवर गारव्याचा असर नाही. ती जाळी दोन मजबूत चिमट्यांत धरून, पिळत, सुरळीसारखी आत गुंडाळत आणतात, नाहीतर कातरीने तारा तोडून तुकड्यांत काढतात. समोरच मिट्रल झडपेची पाकळी असते. ओढाताण झाली तर ती फाटते. झडप निघाल्यावर जुनी चिरडलेली झडप आणि कॅल्शियम साफ करतात, संसर्गाने कुजलेला भाग निरोगी पेशी दिसेपर्यंत कापतात, खड्डा पडला असेल तर ठिगळ शिवतात आणि नवी झडप बसवतात.

अशा रुग्णाच्या छातीचं हाड तारांनी बांधलेलं असतं आणि जुळायला दोन-तीन महिने लागतात. तोवर विहिरीचा रहाट ओढणं नाही, भरलेली कळशी उचलणं नाही, बागेत शिपणं-झाडणं नाही, माडावर तर नाहीच. कुशीवर वळताना आणि उठताना हातांवर भार न देता, उशी छातीशी धरून उठावं.

पावसाळ्यातला ताप

शेवटचा मुद्दा खास कोकणासाठी. जून ते ऑक्टोबरात इथे ताप म्हटला की मलेरिया, डेंग्यू, लेप्टो. चिखलात अनवाणी राबलेल्या माणसाला लेप्टोचं औषध लगेच सुरू करणारे डॉक्टर योग्यच करतात. उशीर झाला तर लेप्टो जीव घेतो. पण रुग्णाच्या छातीत टावीची झडप असेल तर एक पायरी मध्ये घालावी लागते: अँटिबायोटिकच्या आधी रक्ताचं कल्चर, म्हणजे रक्तातले जंतू वाढवून ओळखण्याची तपासणी.

कारण साधं आहे. झडपेवरचा संसर्ग दोन गोळ्यांनी दबतो, ताप उतरतो, आणि मग रक्तात जंतू सापडत नाहीत. आठ-दहा दिवसांनी ताप परत येतो तेव्हा कोणता जंतू आहे हेच कळलेलं नसतं. सहा आठवड्यांचं शिरेतून द्यायचं औषध अंदाजाने निवडावं लागतं. तोवर झडपेच्या मुळाशी पू साठला किंवा तिचा तुकडा मेंदूत गेला, तर वर सांगितलेलं ऑपरेशन दारात उभं राहतं.

जंतू शिरतात कुठून? हिरड्यांतून, कातडीच्या जखमांतून, लघवीच्या मार्गातून. मिश्रीने घासून हिरड्यांतून रक्त येणाऱ्या कितीतरी आजी आपल्या आसपास आहेत. झडप बसवण्याआधी दात दाखवून, किडलेले काढून घ्यावेत आणि मिश्री सोडावी. पुढे दात काढताना किंवा हिरड्यांवर काम करताना अर्धा ते एक तास आधी अँटिबायोटिकचा डोस घ्यायचा असतो. ॲलर्जी नसेल तर साधारणपणे अमॉक्सिसिलिन २ ग्रॅम. माशाचा काटा रुतला, कोयता लागला, तर जखम धुऊन त्याच दिवशी दाखवावी.

ताप आल्यावर गावच्या डॉक्टरांपुढे झडपेचं कार्ड ठेवावं. कार्डावर झडपेचं नाव, माप आणि तारीख असते. त्याचा फोटो मुंबईतल्या मुलाच्या फोनमध्येही असावा, कारण पुढे काढताना सर्जनला हेच लागतं. कल्चरसाठी वेगवेगळ्या ठिकाणच्या शिरांमधून तीन वेळा रक्त घेतात. तालुक्याला सोय नसेल तर जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत जावं. रुग्ण गळाठला असेल, रक्तदाब खाली असेल, तर मिळेल तिथे बाटल्या भरून औषध लगेच सुरू करावं. आणि भरलेल्या बाटल्या फ्रिजमध्ये किंवा बर्फात ठेवू नयेत, मासळीसारख्या तर नाहीच. गारठ्यात जंतू वाढत नाहीत. त्या खोलीच्या तापमानाला, पिशवीत उभ्या ठेवून, मिळेल त्या पहिल्या गाडीने प्रयोगशाळेत पोचवाव्यात.